जोन स्टकीचा फेब्रुवारी

मार्चमध्ये मला जुनं हस्ताक्षर वाचता यायला लागलं, आणि मे संपेपर्यंत मी ज्याची चूक काढली नाही असा एकही माणूस आमच्या एलरकोट गावात उरला नव्हता.

पाद्रीबाईंना मी सांगितलं की चर्चमधल्या थडग्यावर दगडी कुत्र्यावर पाय टेकून जो पुतळा झोपलाय तो सर राल्फ ॲव्हरिल नाहीच, त्याचा पुतण्या आहे. पबवाल्या क्लाइव्ह टिंकनेलला सांगितलं की तुमच्या पाटीवर ‘स्थापना १५८०’ लिहिलंय, पण १६४० साली तिथे डुकरं राहत होती. तो म्हणाला, “अजून येतात की, दर शुक्रवारी,” आणि मला सरबत दिलं. ममला सांगितलं की आपलं घर मॅनॉरच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कोंडवाड्यावर बांधलंय, चुकार गुरं इथे अडकवून ठेवायचे. मम भांडी घासत होती. ती म्हणाली, “ते मला लग्न झाल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

मी पंधरा वर्षांची आहे. मागच्या वर्षीपर्यंत उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायची माझी छाती होत नसे. मग आमच्या इतिहासाच्या मिस लोव्हरिज यांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातून एलरकोट मॅनॉरच्या जुन्या वह्यांचे फोटो आणले आणि म्हणाल्या, वाचा. आठ जण होतो, ईस्टरपर्यंत मी एकटी उरले. पहिले तीन आठवडे ती अक्षरं कागदावर चिरडलेल्या कोळ्यांसारखी दिसत. आणि मग एका शनिवारी एक ओळ अचानक बोलायला लागली. कुणीतरी कुणाच्या तरी वाटाण्यात बदकं सोडली होती. मला इतका आनंद झाला की मी बसस्टॉपपर्यंत पळत गेले.

ॲव्हरिल घराण्याकडे गावाची जमीन चारशे वर्षं होती. कोण कुठल्या तुकड्यावर कूळ म्हणून बसला, कोण मेला, कुणी कुंपण हातभर सरकवलं, हे सगळं मालकाच्या कचेरीत जाऊन सांगायचं आणि कारभाऱ्याने वहीत उतरवायचं. आता मोठ्या वाड्यात लग्नाचे हॉल आहेत आणि मिसेस ॲव्हरिल तीन कुत्र्यांसकट जुन्या तबेल्यात राहतात. गावाच्या इतिहासाची संध्याकाळ ठरली आणि बोलणार मी असंही ठरलं, तेव्हा मी परवानगी मागायला त्यांच्याकडे गेले होते. त्या म्हणाल्या, “काय हवं ते वाच, टॅम्सिन. आमच्या लोकांनी काही चोरलेलं सापडलं तर फक्त मला आधी सांग, म्हणजे मी त्या दिवशी केस नीट करून येईन.”

मी सांगितलंही. दोन कुंपणं आणि एक विहीर सापडली होती. आदल्या दिवशी जाऊन सगळं सांगून आले. मर्व्हिन स्टकींना मात्र मी आधी काही सांगितलं नाही. सुचलंच नाही मला. ते तबेल्यात राहत नव्हते, गल्लीच्या टोकाला राहत होते, एवढाच फरक होता की काय, याचा विचार मी हल्ली फार करते.

मिस्टर स्टकी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे ब्रॅम्बल आणि ड्यूक नावाच्या दोन म्हाताऱ्या घोड्या आहेत (ड्यूक घोडीच आहे, ते विचारू नका), आणि लाँग मीडमध्ये एक हक्क. लाँग मीड म्हणजे नदीकाठचं गवताचं कुरण. ते वाटून दिलेलं नाही. तेरा घरांचे तेरा हक्क, आणि कुणाला कुठला पट्टा हे दर वर्षी नव्याने ठरतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी कातड्याच्या पिशवीतून तेरा लाकडी गोळे एकेक काढतात. प्रत्येक गोळ्यावर एकेका घराची खूण कोरलेली आहे, कोंबडीचा पाय, कुऱ्हाड, तीन खाचा. ज्याचा गोळा निघेल त्याची खूण त्या पट्ट्याच्या तोंडाशी कुदळीने मातीत काढायची, की झालं. त्याचं गवत त्याचं. स्टकींची खूण शिंग. आणि ती पिशवी धरायचा मान गेली एकेचाळीस वर्षं मिस्टर स्टकींचा, कारण पिशवी अशा माणसाने धरायची की ज्याच्या हाताबद्दल कुणाला शंका येणार नाही.

मला कारभाऱ्याच्या कच्च्या वहीत दोन नोंदी सापडल्या. फेब्रुवारी १७११: विधवा जोन स्टकी हिला तिच्या दोन मुलांसह लाँग मीडमधला शिंगाचा हक्क दिला. ऑक्टोबर १७११: जोन स्टकी हिने शिंगाचा हक्क मालकाच्या हाती परत केला. त्यानंतरची पानं उंदरांनी खाल्लेली. वहीत खरं तर ऑक्टोबरचं पान आधी होतं आणि फेब्रुवारीचं नंतर. मी म्हटलं, बांधणाऱ्याने घोळ घातलाय. मी पानं सरळ लावून घेतली.

जूनच्या त्या शुक्रवारी हॉल भरला होता. मी मिस लोव्हरिजचा लाल पॉइंटर घेतला होता आणि डोळ्यांना ममची पेन्सिल लावली होती. डुकरांना हशा मिळाला, पुतण्याला हशा मिळाला. मिसेस ॲव्हरिलनी विहिरीच्या वेळी उठून सगळ्यांना वाकून दाखवलं. मला काय वाटत होतं ते सांगते: मी बोलतेय आणि साठ माणसं माझ्या बोटाकडे बघतायत, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं, आणि ते थांबू नये असं वाटत होतं. म्हणून शेवटी मी स्टकींची पानं पडद्यावर लावली.

“म्हणजे बघा,” मी म्हटलं, “फेब्रुवारीत घेतलं, ऑक्टोबरात परत दिलं. पण गवत कापायचं थांबवलं का? नाही. तीनशे वर्षं. मिस्टर स्टकी, एलरकोटच्या इतिहासातली ही सगळ्यात सावकाश चोरी आहे.”

हॉल हसला. मिस्टर स्टकी तिसऱ्या रांगेत होते, मांडीवर केकची बशी. तेही हसले थोडे. मग हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “असं लिहिलंय तिथे?”

“हो. वाचून दाखवू?”

“दाखव.”

मी वाचलं. पॉइंटर एकेका शब्दाखाली धरून, लहान मुलांना वाचून दाखवतात तसं. त्यांनी बशी खुर्चीखाली ठेवली आणि टाळ्या संपेपर्यंत बसून राहिले. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तबेल्यात गेले आणि शिंगाचा गोळा तेवढा काढून घेऊन पिशवी मिसेस ॲव्हरिलच्या हातात दिली. जी गोष्ट आपली नाही तिची राखण आपण करू नये, म्हणाले. मिसेस ॲव्हरिल म्हणाल्या, मर्व्हिन, काय हे, तीनशे वर्षांपूर्वीचं. ते म्हणाले, तेच तर. बाकीचे बारा हक्कदार त्यांच्या दारात जाऊन आले, की तुम्ही या, आम्हाला कुणालाच काही वाटत नाही. हक्क असतो किंवा नसतो, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. पबमध्ये कुणीतरी गमतीने ‘गवतचोर’ म्हणालं. क्लाइव्हने त्याला बाहेर काढलं, पण मिस्टर स्टकींनी तोवर निघायला टोपी घातली होती. पुढच्या गुरुवारी स्किटल्सच्या खेळाला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

मम म्हणाली, “तू त्यांना आधी सांगायला हवं होतंस.”

“मी फक्त जे लिहिलंय ते वाचलं,” मी म्हटलं. “इतिहास कुणाला विचारून घडत नाही.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं.

गोळे काढायच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी शाळेतून चर्चमध्ये गेले. शाळेसाठी निबंध लिहायचा होता आणि जोन स्टकीच्या मुलांचा बाप्तिस्मा कधी झाला ते हवं होतं. पाद्रीबाईंनी जुन्या नोंदवहीचे फोटो काढून दिले आणि त्या फुलांचं बघायला गेल्या. मी पान उघडलं. २३ मार्च १७११, कुणा टॉमसचा बाप्तिस्मा. त्याच्या लगेच खाली, त्याच शाईत, त्याच हाताने: २७ मार्च १७१२, एक मुलगी.

चार दिवसांत एक वर्ष.

मला समजायला फार वेळ लागला नाही. समजलं म्हणण्यापेक्षा आठवलं. तेव्हा आमच्याकडे इंग्लंडात नवं साल जानेवारीत लागत नसे, २५ मार्चला लागे. मिस लोव्हरिजनी दुसऱ्याच शनिवारी सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं होतं, त्याच्याभोवती ढग काढला होता आणि ढगाला डोळे. १७११ चा फेब्रुवारी १७११ च्या ऑक्टोबरनंतर येतो. जोनने ऑक्टोबरात जुना हक्क परत केला, आणि फेब्रुवारीत दोन मुलांची नावं घालून तोच हक्क नव्याने घेतला. सगळेच तसं करत, आपल्यामागे मुलांना मिळावा म्हणून. वहीतली पानं बरोबर होती. कारभारी बरोबर होता, बांधणारा बरोबर होता, स्टकी बरोबर होते. तीनशे वर्षांत चुकले होते ती मी एकटी.

पाद्रीबाई बादली घेऊन आल्या. “सापडलं का गं?”

“नाही अजून,” मी म्हटलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी मिस्टर स्टकींच्या दारात उभी राहिले. सांगायलाच गेले होते. वाटेत मी पहिलं वाक्य पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. दार उघडून ते म्हणाले, “अरे, ये पोरी. तुझीच गरज होती.”

स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद होता. त्यांनी मला बिस्किटांचा डबा पुढे केला आणि चष्मा पुसत म्हणाले, “मी हे शनिवारसाठी लिहिलंय. पाद्रीबाई वाचून दाखवणार आहेत. पण माझं लिहिणं म्हणजे कोंबडीच्या पायांचं. तू शिकलेली आहेस. जरा बघ चुका आहेत का.”

मी वाचलं. अजून पाठ आहे. ‘ॲव्हरिल कुटुंबास आणि लाँग मीडच्या बारा हक्कदारांस. माझ्या घराण्याने १७११ पासून जे गवत नेलं ते आमचं नव्हतं. आम्हाला ठाऊक नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या आणि जोन स्टकीच्या वतीने मी माफी मागतो. तिला माफी मागायची संधी मिळाली असती तर तिने मागितली असती असं मला वाटतं.’

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं.

“चुका?”

“दोन.”

“बघ. कर दुरुस्त.”

मी दप्तरातून पेन काढलं आणि दोन शब्द दुरुस्त केले. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तिथे दोन लगाम धुऊन वाळत घातले होते.

“उद्या घोड्या न्यायला येते माझी चुलतबहीण,” ते म्हणाले. “तिच्याकडे टेकडीपलीकडे जागा आहे. विकत गवत घेऊन दोन म्हाताऱ्या पोसायच्या म्हणजे या वयात मला नाही जमायचं.” मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस हं. माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही, मला तू सांगितलंस. खोट्या जागी उभं राहण्यापेक्षा बरं.”

मी थँक्यू म्हटलं. बिस्किटाबद्दल, माझ्या मते. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

गुरुवारी मी शाळेत असताना घोड्या गेल्या. शुक्रवारी मी आजारी पडायचा प्रयत्न केला. ममने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ताप नाही. काय आहे?” मी “काही नाही” म्हटलं. ती टोस्ट करायला गेली.

शनिवारी लाँग मीडमध्ये सगळं गाव होतं. गवत कमरेइतकं. मिसेस ॲव्हरिल पिशवी दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या, ओल्या मांजरीला धरावं तशी. मिस्टर स्टकी आत आले नव्हते. फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे होते, रविवारच्या कोटात. पाद्रीबाईंनी कागद उघडला आणि वाचायला लागल्या. पहिल्या ओळीला क्लाइव्ह टिंकनेलने मान खाली घातली. ‘विचारलंही नव्हतं’पर्यंत आल्या आणि मी म्हटलं, “थांबा.”

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. हॉलमध्ये माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. इथे तो गवतातच पडत होता.

“ते खरं नाहीये. हक्क त्यांचाच आहे. मी चुकले.”

पाद्रीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे काय, टॅम्सिन?”

“फेब्रुवारी ऑक्टोबरनंतर येतो,” मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. क्लाइव्ह म्हणाला, “आता हे शिकवतात होय शाळेत?” आणि बरेच जण हसले. मी त्यांना हसू दिलं. मग मार्चमध्ये लागणारं नवं साल सांगितलं, नोंदवहीतला टॉमस आणि ती मुलगी सांगितली, जोनने हक्क का परत केला आणि का नव्याने घेतला ते सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर कुणी हसत नव्हतं. मिसेस ॲव्हरिल म्हणाल्या, “देवाची कृपा,” आणि फाटकाकडे निघाल्या.

तिथेच थांबता आलं असतं. चूक केली, मान्य केली, शाबास मुली. पाद्रीबाईंच्या चेहऱ्यावर ते शाबास येत होतंही. आणि ते आलं असतं तर मी ते घेतलं असतं, हे मला ठाऊक होतं.

“मला मंगळवारीच कळलं होतं,” मी म्हटलं. “बुधवारी मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला हे पत्र तपासायला दिलं आणि मी तपासून दिलं.”

ममने तोंडावर हात ठेवला. पाद्रीबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

मिस्टर स्टकी फाटक उघडून आत आले. गवतातून चालायला त्यांना वेळ लागला. माझ्यासमोर येऊन थांबले.

“बुधवारी तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“टेबलाशी बसली होतीस तेव्हा.”

“हो.”

“मी घोड्यांचं बोललो तेव्हा.”

“हो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादी ओळखीची पायरी पायाखाली नसावी तसं. “चुकते कुणीही,” ते म्हणाले. “साल उलटसुलट होणारच. पण पोरी, तू माझी बिस्किटं खाल्लीस.”

त्यांनी मिसेस ॲव्हरिलच्या हातातून पिशवी घेतली, खिशातून शिंगाचा गोळा काढून आत टाकला, पिशवी हलवली आणि म्हणाले, “चला, गवत थांबत नाही कुणासाठी.” तेरा गोळे निघाले. त्यांना नाल्याकडचा पट्टा आला, लव्हाळ्यांचा, सगळ्यात वाईट. त्यांनी वाकून शिंग कोरलं. मी कुदळ धरायला पुढे झाले नाही. कुणी मला जा म्हणालं नाही, राहा म्हणालं नाही.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेले. माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “घोड्या आणायला चाललोय. फाटकं फार आहेत त्या रस्त्याला. गाडीतून उतरून उघडायला गुडघे कुरकुरतात.”

मी गाडीत बसले. मागे घोड्यांचा ट्रेलर खडखडत होता. एवढ्या लांबच्या रस्त्यात मी काही बोलले नाही, आणि मला ओळखणारा कुणीही सांगेल की हे किती कठीण आहे. ते म्हणत, “फाटक,” आणि मी उतरत असे.

त्यांची चुलतबहीण एव्हिस रबरी बुटांत अंगणात उभी होती, हातात बादली. ब्रॅम्बल आणि ड्यूक कुंपणाशी आल्या. “गुरुवारी आणायच्या, रविवारी न्यायच्या,” एव्हिस म्हणाली. “लग्न लावून दिलेल्या मुली आहेत का या? काय झालं काय, मर्व्हिन? आणि ही कोण?”

मिस्टर स्टकींनी ड्यूकचा पाय उचलला आणि खुराकडे बघायला लागले. फार बारकाईने बघत होते. खुरात काही नव्हतं.

“मी टॅम्सिन पोपल,” मी म्हटलं. “गावाच्या हॉलमध्ये ज्या मुलीने मिस्टर स्टकींना चोर म्हटलं ती मी. आणि ते खोटं आहे हे कळल्यावर चार दिवस गप्प बसले तीही मीच.”

मग सगळं सांगितलं. पहिल्यापासून. पॉइंटर नव्हता, हसू येईल अशी जागा कुठे आली की मी ती ओलांडून पुढे जात होते. कान इतके तापले होते की वारा लागलेला कळत होता. एव्हिसने बादली खाली ठेवून ऐकलं. बिस्किटांपर्यंत आले तेव्हा तिने मिस्टर स्टकींकडे पाहिलं. ते अजून खुरातच होते.

“आणि हा तुला गाडीत घालून इथपर्यंत घेऊन आला,” एव्हिस म्हणाली.

“हो.”

“बोलला काही?”

“फाटक म्हणाले. सात वेळा.”

मिस्टर स्टकींनी ड्यूकचा पाय खाली सोडला, पाठ सरळ केली आणि ब्रॅम्बलचा लगाम माझ्या हातात दिला. “डावीकडून धर,” ते म्हणाले. “तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही.”

मी डावीकडे गेले आणि धरला.